गोगलगाईच्या दातांपायी नेमणूक जाहली त्याची हकीकत

श्रीविद्या सन्मुख. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध पंचमी, इंदुवासर. ते दिवशी विद्यापीठ नामे राज्यात नवल वर्तले, ते ऐकिले तैसे लिहिले असे.

राज्याने जाहीरनामा काढिला की, पीएचडी जाहलेल्या विद्वानास संशोधनाची जागा एक, मुदत दोन वर्षे, वय पस्तिसाचे आत. त्यावरून चाळीस असामी अर्ज घेऊन चालोन आले आणि छाटणी होऊन सहा उरले, त्यांत डॉक्टर तिलोत्तमाबाई कुडाळकर. बाईंनी सहा वर्षे घाटातील गोगलगाईंचा पिच्छा पुरविला आणि त्या कातळावरले शेवाळ कैसे खरवडून खातात यावर प्रबंध रचिला. पस्तिशी भरण्यास दिवस उरले नऊ. ही जागा हुकली म्हणजे मामांचे क्लासात मुलांकडोन पाठांतर करविणे कपाळी, हे जाणोन बाई बहुत धास्तावल्या होत्या.

राज्याचा दंडक ऐसा की, मुलाखतीआधी उमेदवाराने आपला नमुना थोरल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात लावोन दाखवावा, म्हणजे हात कैसा बसला आहे ते कळावे. पाचांनी लाविला, फोटो काढिला आणि टाय सारखा करीत बाहेर जाऊन बसले. मग बाई बसल्या. यंत्राचा महिमा काय वर्णावा! पुरुषभर उंच, आत वारा नाही, आणि केसाचा साप करोन दाखवील ऐशी नजर. बाईंचे कॉलेजात जुनी सूक्ष्मदर्शक दुर्बीण, तिचीही काच तडकलेली. बाईंनी गोगलगाईची जीभ आत ठेविली आणि पडद्यावर दात उमटले, दहा नव्हे, शंभर नव्हे, हजारो, मक्याचे कणसाप्रमाणे ओळीने लागलेले. सहा वर्षे ज्याचा अदमासच केला ते साक्षात पाहोन बाईंचे डोळे भरोन आले आणि देहभान हरपले. शिपायाने तीन वेळा नाव पुकारिले, ते कानी गेले नाही. मग 'गैरहजर' ऐसा शेरा पडला.

तेव्हा समितीचे मुख्य प्रोफेसर खासनीस रागे भरोन खुद्द आले आणि गरजले, "अहो बाई, मुलाखत द्यायला आलात की सिनेमा बघायला?" आणि नजर पडद्यावर गेली, तो राग विसरोन पुढे वाकले.

"हे दात आहेत?"

"हो सर."

"दगडावर घासून झिजत नाहीत?"

"झिजतात की. मागून नवी ओळ सरकत येते."

खासनीसांनी खुर्ची ओढिली. त्यांस शोधीत समितीचे बाकीचे चौघे आले आणि तेही तेथेच खिळोन राहिले, आणि पोरांसारखे एकामागोन एक प्रश्न विचारू लागले, आणि बाई सांगत गेल्या. शेवटी खासनीस म्हणाले, "पण डावीकडचे जास्त का झिजलेत?"

बाईंनी पडद्याशी वाकोन डावी-उजवी बाजू ताडून पाहिली. "ठाऊक नाही सर. मला आत्ताच दिसलं."

मग सर्वांस मुलाखतीची शुद्ध आली आणि बाईंचा चेहरा उतरला. तो मागे दप्तराच्या मुख्य शकुंतलाबाई हिवाळे वही घेऊन उभ्या, ज्या राज्याचे नियम कोळून प्यालेल्या. त्या म्हणाल्या, "समितीने विचारायचं, उमेदवाराने सांगायचं, याला मुलाखतच म्हणतात. खोली कुठली, ते नियमात नाही. सगळं उतरवून घेतलंय मी. तो शेरा खोडते, तुम्ही सह्या करा."

समितीचे पाचांनी सह्या केल्या. हुकूम निघाला, त्यात संशोधनाचा विषय लिहिला तो ऐसा: डावीकडील दात अधिक का झिजतात.

येणेप्रमाणे ज्यांची सर्व उत्तरे तयार होती ते पाच उमेदवार माघारी गेले, आणि तिलोत्तमाबाईंस एक उत्तर ठाऊक नव्हते, त्याकरिता राज्याने त्यांस दोन वर्षे दिली.