बोपचेभाऊंचा कोशाचा डोम

बोपचेभाऊंचा ट्वीटर मी अंगठ्याने दाबला. चुकून नाही, जळून. हे आधीच सांगून टाकतो.

बोपचेभाऊ फुलचूरला आमच्या शेजारी राहतात. राइस मिलमधून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि घरी स्पीकर बनवू लागले. आल्यागेल्याला चहाआधी हुकूम, "बसा, 'स' ऐका!" मग गाणं लावून गाणारीच्या शब्दांतल्या प्रत्येक 'स'वर बोट उचलणार. मांडवातला भोंगा वाजला की म्हणणार, "याचा 'स' फाटून राहिला ना बाप्पा!"

'स', बांगड्या, झांजा असले बारीक आवाज स्पीकरमधला ट्वीटर काढतो. त्याचा सुपारीएवढा घुमट, म्हणजे डोम, भाऊ स्वतः घडवत. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड साच्यावर ताणायचं, पातळ डिंकाचा हात द्यायचा, वाळवायचं, ऐकायचं, पुन्हा हात. "डिंक जास्त झाला तं आवाज चावते. कमी झाला तं झोपते."

माझ्याकडे नागपूरहून आणलेला महागडा सेट होता. धातूचा डोम, आरशासारखा चकचकीत. एकदा बायको भाऊंकडे गाणं ऐकून आली आणि म्हणाली, "तिकडं बाई समोर बसून गाते. आपल्या घरी डब्यात बसून." त्या दिवसापासून माझ्या सेटवर चादर आहे.

आणि भाऊ रोज संध्याकाळी भिंतीवरून हाक मारत, "बाबू, ऐकाले या!" मला वाटे, मिरवतात. तरी मी जायचो आणि कुढत परत यायचो.

मग नागझिऱ्याच्या जंगलातल्या गाइडांनी पर्यटकांना पाखरांचे आवाज ऐकवायला त्यांच्याकडे स्पीकरची जोडी मागितली. भाऊ त्या आनंदात चहा सांगायला आत गेले आणि मी उजव्या पेटीच्या डोमवर अंगठा टेकवला. कट्ट झालं. मी वरची जाळी पुन्हा बसवली आणि चहाही प्यालो.

दुसऱ्या संध्याकाळी हाक आली. भाऊंनी पाखरू लावलं. डावीकडून ते स्वच्छ किलबिललं. उजवीकडून कोणी तवा खरवडत होतं.

भाऊ माझ्या तोंडाकडे पाहत होते. "दोन्हीकडून सारखं येते ना?"

"हो," मी म्हणालो.

ते खूश होऊन पेट्या पोत्यात बांधू लागले. "तुमी हो म्हटलं म्हणजे झालं. मिलनं माहे कान खाल्ले, बाबू. 'स' ऐकून वर्षं झाले. पाखरू तं मले ऐकूच येत नाही."

"आणि ते बोट उचलता ते?"

"गाणं पाठ आहे."

"मग डिंक किती द्यायचा, कसं कळतं?"

"तुमच्या तोंडावरून! खराब वाजलं का तुमी खूश दिसता. चांगलं वाजलं का तोंड आंबट. आज तं लयच पडलं. म्हणजे एकदम पास!"

ते सुतळीला गाठ मारत होते. मी त्यांचा हात धरला आणि बोललो. पण माझा आवाज इतका बारीक निघाला की त्यांना ऐकूच गेला नाही.

"काय म्हणून राहिले? जोरानं बोला ना!"

मग मी जोराने बोललो. भिंतीपलीकडे बायकोचं भांडी घासणं थांबलं, इतक्या जोराने.

"भाऊ, उजवा डोम मी दाबला. तुमच्यावर जळत होतो. मला माफ करा."