पाच किलोंची तूट

पूर्णा ज्येष्ठ सायकलस्वार मंडळाचे अध्यक्ष केसरीनाथ यांचा उजवा गुडघा दर रविवारी, पडघा गावाच्या अलीकडच्या चढावर, कोणतीही पूर्वसूचना न देता कामबंद आंदोलन करीत असे. मंडळाच्या घटनेनुसार सलग तीन रविवार जो चढावर शेवटचा येईल, त्याने पद सोडायचे. दोन रविवार झाले होते.

घटनेत आणखी एक कलम होते: सायकल सदस्याच्या स्वतःच्याच पायांनी चालेल. हे कलम केसरीनाथांनीच लिहिले होते, पण तेव्हा गुडघा बरा होता.

बुधवारी मुंबईहून नवी सायकल आली. दिसायला शर्यतीची, मोटर दांड्याच्या पोटात. पत्नी राहीबाईंनी तिला मिक्सरच्या प्लगला जोडलेली पाहिली.

"व्यायाम कोण करतंय? तुमी का वायरमन?"

"ही मदत हाय गो, मोटर न्हाय," केसरीनाथ म्हणाले. अध्यक्षपदावर राहून माणसाला शब्दांची पारख येते.

तिसऱ्या रविवारी केसरीनाथ गुणगुणत चढ चढले. आश्चर्य म्हणजे उपाध्यक्ष पंढरीही गुणगुणत होते. बाकीचे चौघे जावयांच्या नोकऱ्यांवर चर्चा करीत चढले. कुणाला धाप नाही. दहा मिनिटांनी दौलत आला. कापडाच्या लूमवर मेकॅनिक म्हणून हयात गेलेला, घामाने निथळत, शेवटचा.

"पासष्टीची माणसं चढावर गप्पा मारतात? सायकली तपासा!" तो म्हणाला.

नकार देणे म्हणजे कबुली. म्हणून सर्वांनी तपासणीचे जोरदार स्वागत केले. पंढरीशेठच्या जागेवर उभ्या असलेल्या गोदामात मालाचा काटा होता, आणि तिथला सुपरवायझर हरेश निःपक्षपाती होता. म्हणजे सायकलमधले त्याला काही कळत नव्हते. बारा वर्षे त्याने खोकी मोजली होती. एका लॉटची खोकी सारख्या वजनाची हवीत, एवढे एकच शास्त्र तो जाणत होता.

केसरीनाथांनी आपली सायकल काट्यावर ठेवली आणि डोळे मिटले. अकरा वर्षांचे अध्यक्षपद आता किलोत मोजले जात होते.

"चौदा दोनशे," हरेश म्हणाला. "पुढची."

पंढरीची चौदा चारशे. बाकीच्या चारही चौदाच्या आसपास. केसरीनाथांनी एक डोळा उघडला. प्रत्येक सदस्य दुसऱ्या सदस्याकडे नव्या आदराने पाहत होता.

शेवटी दौलतची सायकल. आठ नऊशे.

हरेशने काटा शून्यावर आणून पुन्हा वजन केले. मग त्याने दौलतकडे खोकी फोडणाऱ्या हमालाकडे पाहावे तसे पाहिले. "काका, पाच किलो माल शॉर्ट हाय. कुठं गेला?"

"अरं, हिच्यात मोटर न्हाय म्हणून हलकी!"

"म्हंजे मोटर काढली?"

"नव्हतीच कदी!"

"मोटर न्हाय, हे कबूल करता?"

"छाती ठोकून!"

"कबूल हाय. लिवून घ्या," हरेश पंढरीला म्हणाला.

दौलत हसला, मग कुणीच हसत नाही हे त्याच्या ध्यानात आले. तो केसरीनाथांकडे वळला. "केसरी, कलम तुझ्याच हातचं. सांग ना याला."

केसरीनाथांना सगळे सांगता आले असते. एका वाक्याचे काम होते. त्यांनी घसा साफ केला.

"दौलत, तू माझा जुना मित्र. पण नियम सर्वांना सारखा."

अपुरी सायकल बाळगून मंडळाची दिशाभूल केल्याबद्दल दौलतचे सदस्यत्व सहा विरुद्ध एक मतांनी रद्द झाले. तो सायकलवर बसला आणि घराकडे, खारबावच्या दिशेने निघून गेला. त्याच्या पाठीमागे उरलेल्या सहा जणांचा सत्कार उरकला: शाल, श्रीफळ, आणि सहा सायकलींसह फोटो. खाली मजकूर घातला, 'वय फक्त आकडा! साठीनंतरही स्वतःच्या दमावर!'

तो फोटो दुपारपर्यंत गावोगावच्या ग्रुपांवर फिरला. तुमच्याही ग्रुपवर आला होता. दौलत त्यात का नाही, असे कुणी विचारले नाही. अंगठा मात्र सगळ्यांनी दिला. तुम्ही तर फुलेही दिलीत.