उभ्याने जेवणारे दामाकाका

आमच्या शेजारचे दामाकाका उभ्याने जेवतात. ताट डाव्या हातावर, पाठ दाराच्या चौकटीला, नजर रस्त्यावर. लग्नाच्या पंगतीतही तेच. पाहुण्यांना वाटतं, हे वाढपी. त्यांच्याकडे भात मागतात.

न्हावा शेव्याच्या बंदरात जन्मभर कंटेनरचा ट्रेलर चालवला. त्यामुळे नवरा-नवरी असोत की देवळाचा कळस, काकांचा प्रश्न एकच: "लोड सारखा बसलाय का?"

उभं का, विचारलं की म्हणत, "बसलो की घास छातीत अडकतो." काकी गेल्यापासूनचं हे खूळ, असं गावाने ठरवून टाकलेलं. पण मी आमच्या घरातली पहिली बी.एस्सी.; मला ते पटेना. त्यात हल्ली जेवल्यावर त्यांना धाप लागायची. नेलं पनवेलला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो दाखवला. छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या भोकातून निम्मं जठर वर चढून अन्ननलिकेशेजारी बसलं होतं. असा हर्निया क्वचितच दिसतो, म्हणाल्या. पीळ पडला तर जिवावर बेतेल.

"म्हंजे कंटेनर भलत्याच मजल्यावर चढलाय," काका म्हणाले. "लावा क्रेन."

क्रेन नाही, दुर्बीण. पोटावर चार-पाच बारीक छिद्रं पाडून जठर खाली ओढलं, वरचं भोक शिवलं.

शुद्धीवर आल्यावर काकांनी पोट पाहिलं आणि माझ्यावरच भडकले. "काय गो बीएस्सी, एवढ्याशा भोकांतून कंटेनर उतरतो व्हय? आता गावाला दाखवू काय?"

नवा फोटो बघितला, तेव्हा कुठे म्हणाले, "बसलाय लोड."

घरी सोडताना बाईंनी बजावलं: अशक्तपणा आहे, उभ्याने जेवायचं नाही, थोडं थोडं, पण पोटात गेलंच पाहिजे. मी आईने केलेली पेज घेऊन गेले. काका वाटी घेऊन थेट दाराशी. पाय लटपटत होते. दोन घोट घेऊन वाटी खाली ठेवली.

"काका, आता पोट जागेवर आहे. बसा की!"

"पोट हाय गो." ते रस्त्याकडे बघत राहिले. "बसलो की समोर तिचा पाट दिसतो."

आत दोन पाट समोरासमोर मांडलेले होते, दोन्ही पुसलेले. मी पुढे झाले आणि एकावर बसायला गेले.

"त्याच्यावर नको!"

मी बाजूला झाले. मग काका भिंतीला धरत आले, माझ्या खांद्यावर हात टेकून सावकाश काकीच्या पाटावर बसले, आणि समोरचा स्वतःचा पाट मला दाखवला.

"बस. हितनं न्हाय दिसत तो रिकामा."

मी वाटी त्यांच्या हातात दिली आणि बसले. त्यांनी पेज तोंडाला लावली.

"मीठ कमी हाय," म्हणाले, आणि वाटी संपवली.