दोघांपुरता तंबू

एका माणसाचा तंबू घ्यावा की दोन माणसांचा, एवढाच साधा प्रश्न होता. त्यावर मी मोबाइलवर इतकं वाचलं, की तेवढं बी.एस्सी.ला वाचलं असतं तर केमिस्ट्रीचा पेपर दुसऱ्यांदा द्यावा लागला नसता. आता कोणी तंबूबद्दल काही विचारलं की मी नुसती मान हलवते आणि बसायला जागा शोधते. थकले आहे हो मी.

आधी तंबू कशाला, ते सांगते. लग्न होऊन सोनाळ्याला आले तेव्हा आम्हा दोघांना घरातली सगळ्यात चांगली खोली मिळाली. चांगली म्हणजे कोरडी. आणि कोरडी म्हणून हरभऱ्याची पोती, फवारणीचा पंप, पाहुण्यांच्या गाद्या आणि सासूबाईंचं कपाट, सगळं तिथेच. दार लावून दोन वाक्यं बोलावीत, तर कडी वाजते. "पंप घेतो फक्त," असं म्हणत बाबा, म्हणजे माझे सासरे मोतीराम, आत येतात. ते गेले की सासूबाई, अन्नपूर्णाबाई. "तुमचं चालू द्या, मले शाल पाह्यजे." (आमचं काय चालू आहे असं त्यांना वाटतं, या विचारानेच मी अर्धी होते.) त्यात मी जन्माची दचकणारी. कडी वाजली की पलंगावरून अशी उठते, जणू चोरीच पकडली गेली. नवऱ्याशी बोलणं ही चोरी नाही हे मला माहीत आहे, माझ्या छातीला माहीत नाही.

प्रज्वल, म्हणजे नवरा, संग्रामपूरला मेडिकलवर असतो. त्याच्या गोपाल नावाच्या मित्राचा मळा आहे सातपुड्याच्या पायथ्याशी. गोपाल म्हणाला, "दोन रात्री या ना. जागा आहे, विहीर आहे, माणूस एक बी नाही. तंबू तेवढा तुमचा आना." माणूस एकही नाही, हे ऐकून मला भरूनच आलं. रस्ता संपल्यावर मळ्यापर्यंत सामान पाठीवर घेऊन चालायचं होतं, म्हणून तंबू हलका हवा. इथून माझे हाल सुरू झाले.

एका माणसाचा तंबू दीड किलोच्या आत बसत होता. पण मग दुसऱ्या माणसाने काय बाहेर राखण करायची? तीन माणसांचा ऐसपैस होता. पण तिसऱ्याची सोय केली की तिसरं माणूस येतंच, हा या घरातला माझा अनुभव. उरला दोघांचा. कंपनीच्या मते दोन माणसं म्हणजे हात अंगाला चिकटवून, राष्ट्रगीताला उभी राहतात तशी आडवी झालेली दोन माणसं. प्रज्वल झोपतो तो उन्हात टाकलेल्या सतरंजीसारखा.

"वजन किती?" त्याने विचारलं.

"दोन किलोच्या थोडं वर. पण पाणी शिरलं तर?"

"योगिनी, जानेवारी आहे."

"अवकाळी आला तर? आणि अस्वल?"

"अस्वलाचं काय?"

"शिवण मजबूत आहे असं सगळ्यांनी लिहिलंय. अस्वलाबद्दल कोणीच काही लिहिलं नाही."

"अस्वल रिव्ह्यू लिहीत नाही," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला. (तिरका.)

शेवटी दोघांचाच मागवला, राखाडी रंगाचा, मेडिकलच्या पत्त्यावर. घरी अजून काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? आई, आम्हाला तुमच्यापासून दोन रात्री लांब जायचंय? असं वाक्य मराठीत बोलता येतं, पण सोनाळ्यात नाही.

कुणा शहाण्याने लिहिलं होतं, नेण्याआधी तंबू घरी एकदा उभारून पाहा. तो शहाणा मला भेटायला हवा. रविवारी आई-बाबा तूर सोंगायला शेतात गेले आणि आम्ही अंगणात तंबू काढला. जमीन अशी टणक की तंबूचे खिळे ठोकले तसे वाकले. एक दोरी तुळशीला, एक नळाला, एक बकरीच्या खुंट्याला बांधली. तंबू उभा राहिला. मग खरंच दोघं मावतो का ते पाहायला उशा, चादरी, पाण्याचा तांब्या घेतला, चपला बाहेर काढल्या आणि आत शिरून चेन लावली.

आत शांत होतं. पंप मागायला कोणी येणार नव्हतं.

"बोल आता," प्रज्वल म्हणाला.

इतक्या महिन्यांचं साठलेलं बोलायचं होतं, आणि मला एकही वाक्य सुचेना. मी त्याच्याकडे पाहून नुसती हसले. तोही हसला. बस, एवढंच काय ते सुख झालं.

तेवढ्यात शेजारच्या झुंबरबाई विरजण मागायला अंगणात आल्या. आम्हाला त्या दिसल्या नाहीत, त्यांना मात्र सगळं दिसलं: घराबाहेर आडोसा, मागच्या जाळीतून आत अंथरूण, तांब्या आणि बाहेर चपलांचे दोन जोड. आमच्या गल्लीत याचा एकच अर्थ होतो: सून वेगळी निघाली. समोरच्या अंबूबाईंचा मुलगा गोविंदा वेगळा निघाला तेव्हा असाच निघाला. आधी अंगणात ताडपत्री, मग अंथरूण, मग चूल, मग भिंत. आणि वेगळ्या निघालेल्या सुनेची पहिली चूल उपाशी राहू नये म्हणून गल्लीतल्या बाया तिला पहिल्या दिवसाचं पीठ-मीठ देतात. झुंबरबाई विरजण विसरून घरी गेल्या आणि परत आल्या.

"योगिनी," कापडाच्या पलीकडून एकदम आवाज आला, "पीठ ठेवलं वं बाहेर. मीठ अंबूबाई आनून राह्यली."

मी दचकले आणि ताडकन उभी राहिले. तंबूत उभं राहता येत नाही. तंबूच माझ्याबरोबर उभा राहिला, नळाची दोरी सुटली आणि आम्ही दोघं तंबूसकट हातभर सरकलो. बाहेरून पाहणाऱ्यांना एवढंच दिसलं, की सून रागारागाने घरापासून आणखी लांब गेली.

चेन उघडायला गेले तर तिच्यात माझी ओढणी अडकलेली.

"काऊन वं पोरी, असं काय झालं?" झुंबरबाईंनी विचारलं.

"काही नाही झालं काकू. आम्ही मावतो का ते पाहत होतो."

"घरात मावत नव्हते काय?"

"काकू, दोन रात्रींपुरतंच आहे हे," प्रज्वल आतून ओरडला.

"सुरुवातीले सगळे असंच म्हनतात, बाप्पा. गोविंदाबी पावसाळ्यापुरतंच म्हने."

आणि वाटणीचं प्रकरण मामाशिवाय सुटत नाही म्हणून त्यांनी वरवट बकालला भगवानमामांना फोन लावला. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. आम्ही आत ओढणीशी झटापट करतोय तोवर ते मोटरसायकलवर आलेसुद्धा. त्यांनी बाहेरून चेनला असा हिसका दिला की माझी ओढणी फाटली आणि त्यांची मिशी माझ्या नाकासमोर आली. मी किंचाळले. मामा मागच्या मागे अंबूबाईंनी आणलेल्या मिठात बसले.

"लय भिते बे तुही बायको," मीठ झटकत ते प्रज्वलला म्हणाले. "सांग आता, वाटा कायचा पाह्यजे? विहिरीजवळचं वावर भाऊजी देनार नाहीत, ते मी आधीच सांगतो."

"मामा, वाटा नको आहे."

"मंग काय फुकट वेगळा निघून राह्यला?"

इतक्यात आई-बाबा शेतातून आले. बातमी त्यांना रस्त्यातच मिळाली होती. बाबा खाली मान घालून बकरी बांधायला गेले (बकरी बांधलेलीच होती). आईंनी डोक्यावरचा भारा उतरवला, विळा ठेवला आणि ओट्यावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर मला चाललं असतं.

"माह्याकडून काय कमी झालं, तेवढं सांग," त्या म्हणाल्या. "मंग खुशाल जाय."

सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती. खरं सांगावं तर मामांसमोर, अंबूबाईंसमोर, त्या मिठासमोर सांगावं लागणार होतं. प्रज्वल एका वाकलेल्या खिळ्याकडे असा पाहत होता, जणू त्यावर उत्तर कोरलंय. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, हा तुमच्यासाठी आणलाय. देवीला जायला."

डोंगरातल्या देवीला दोन रात्री मुक्कामी जायचं आईंच्या कितीतरी वर्षांपासून मनात होतं. तिथे उघड्यावर निजावं लागतं आणि थंडीत त्यांचे गुडघे धरतात, म्हणून राहून जायचं.

आई उठल्या. तंबूचं कापड त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं, साडीचं पाहतात तसं.

"मंग तुम्ही दोघं आत काय करून राह्यले होते?"

"दोन माणसं मावतात का ते पाहत होतो."

"दुसरं मानूस कोन?"

मी इकडे-तिकडे पाहिलं. सगळ्यात जवळ झुंबरबाई होत्या.

अशी झुंबरबाईंची यात्रा ठरली. "पाह्यलं काय, माह्या सुनेनं माह्यासाठी तंबू मागवला," असं आई पुढे येईल-जाईल त्याला सांगत राहिल्या. अंबूबाईंनी राहिलेलं मीठ परत नेलं.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते. आई चुलीपाशी येऊन बसल्या आणि जाळ पुढे सारत, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "देवीले जाताना कोनी नवऱ्याची उशी मापून पाहात नाही, पोरी."

मी पुढचा गोळा मळायला घेतला.

"मी दोन रात्री नाही घरी. तुह्या सासऱ्याइलेबी रातच्या जागलीले पाठवतो शेतात. रानडुकरं लय झाले म्हनते." मग तव्याकडे बोट करून म्हणाल्या, "भाकर जळून राह्यली."

त्या जळक्या भाकरीपाशी मला जे वाटलं ते कुठे लिहिण्यासारखं नाही. मी त्यांना तंबू कसा उभारायचा ते शिकवलं, झुंबरबाईंना चेन कशी लावायची ते शिकवलं, पाठीवरची पिशवी दोघींच्या मापाने कसून दिली. दोघी पहाटेच्या जीपने गेल्या. बाबा घोंगडी घेऊन दिवस मावळायच्या आत शेतात गेले. प्रज्वल मेडिकलमधून लवकर सुटून आला. मी वांग्याचं भरीत केलं, केस पुन्हा विंचरले आणि दाराला आतून कडी लावली.

कडी वाजली.

दारात भगवानमामा आणि कौशल्यामामी, वळकटीसकट.

"अक्का देवीले, भाऊजी शेतात," मामा चपला काढत म्हणाले. "अन् ही पोरगी किती भिते ते म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं. म्हनलं, आपलं मानूस हाये, एकटं कसं टाकता? प्रज्वल, तू माह्यासंग समोरच्या खोलीत. मामी हिच्यापाशी निजते."

भरीत चौघांत वाटून खाल्लं. आठ वाजताच अंथरुणं पडली. मामी माझ्या पलंगावर, माझ्या मनगटावर हात ठेवून; मी दचकले तर त्यांना लगेच कळावं म्हणून. माझा मोबाइल उजळला. समोरच्या खोलीतून प्रज्वलचा मेसेज होता, "झोपलीस का?"

मी उत्तर लिहिणार तोच मामींनी उशाखालचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि मेसेज वाचला.

"झोपली म्हनून लिही," त्या म्हणाल्या.

मी लिहिलं.