बरोकबाई

ओमानमधल्या सोहारच्या आमच्या खोलीत मासे तळायला बंदी होती. ही बंदी कंपनीची नव्हती, माझ्यासोबत राहणाऱ्या मजीदभाईंची होती. "बरोकबाईंना धूर सोसत नाही," ते म्हणायचे. मग मी जूनच्या उन्हात बाहेर पायरीवर स्टोव्ह मांडून सुरमई तळायचो.

बरोकबाई म्हणजे एक तैलचित्र. युरोपातल्या कुठल्याशा जुन्या राणीचं, तेही नक्कल केलेलं. मागे गडद काळोख, अंगावर मणभर रेशीम, गळ्यात मोती आणि चेहऱ्यावर पराकोटीचा कंटाळा. देश सोडताना गोऱ्या मॅनेजरनं ते आमच्या स्टोअरकीपरला, म्हणजे मजीदभाईंना, भेट दिलं आणि कौतुकानं म्हणाला, "बरोक, मजीद, बरोक." ती चित्राची शैली असते, हे मी पुढे समजावून पाहिलं. मजीदभाई म्हणाले, "सावंत, साहेबानं स्वतः नाव सांगितलंय. तू मध्ये पडू नको."

बाईंसमोर बनियनवर बसायचं नाही. एसी फार गार करायचा नाही, रंगाला तडे जातात. फॅक्टरीतून दमून आलं की ते बूट काढत चित्राकडे बघायचे आणि म्हणायचे, "खलास, बाई. आजचा दिवस खलास." मग कुठला ट्रक उशिरा आला, अर्बाब, म्हणजे मालक, कुणावर भडकला, सगळं तिला सांगायचे. मी पेपर तोंडावर घेऊन झोपेचं सोंग करायचो.

एका उन्हाळ्यात त्यांची बायको झुबेदाभाभी दापोलीहून व्हिजिट व्हिसावर आली. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सुट्टीला गावी गेलेल्या एका कुटुंबानं आपला फ्लॅट वापरायला दिला होता. तिकडे राहायला जाण्याआधी मजीदभाईंनी बाईंबद्दल मला शंभर सूचना दिल्या. पण एकदाही चौकशीला आले नाहीत. भाभीला घेऊन एकदा जेवायला आले, तेवढंच. भाभीनं चित्र नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "हिला कुणी खुर्ची तरी द्या. किती वेळ उभी आहे बिचारी."

मजीदभाई इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

व्हिसा संपला. भाभीला मस्कतला विमानात बसवून ते बॅग घेऊन खोलीवर परतले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी फ्रेम पुसून ठेवली होती. ते बूट न काढताच पलंगावर बसले.

"सावंत, हिला खाली उतरव."

"का हो? भाभीला आवडलं नाही का?"

"तिचं काही नाही." त्यांनी बॅग पायानं पलंगाखाली सरकवली. "आधी ड्युटीवरून आलो की वाटायचं, खोलीत कुणीतरी आहे. आता हिच्याकडे बघवत नाही. खोली रिकामी वाटते."

फ्रेम जड होती. एक बाजू त्यांनी धरली, एक मी. चित्राचं तोंड भिंतीकडे करून आम्ही ते कपाटामागे सरकवलं. मजीदभाईंनी वरून एक धुतलेली चादर घातली आणि तिची टोकं नीट आत खोचली.