टाळेबंदीतला सातवा सामना

मालक आणि खेळाडू आपसात भांडले, आणि ठोसे मात्र ओरेस्ट बोइचुकच्या सोफ्याला बसले. बर्फावरच्या हॉकीतल्या संघमालकांनी मैदानांना कुलपं ठोकली होती. मॅनिटोबा प्रांतातल्या त्या लहानशा गावात बर्फ नेहमीसारखा पडत होता, अंगणातल्या गाड्यांची इंजिनं गोठू नयेत म्हणून त्यांना विजेच्या तारा नेहमीसारख्या जोडल्या जात होत्या. पण शनिवारी टीव्ही लावला की हॉकीच्या जागी कुणीतरी हसतमुख बाई केक भाजताना दिसत असे.

“संपावर बसलेत लेकाचे!” ओरेस्टने उशीला एक ठेवून दिली.

“संप नाही, टाळेबंदी,” त्याची बायको ल्युबा स्वयंपाकघरातून म्हणाली. “मालकांनी बाहेर काढलंय त्यांना. आणि ती उशी माझ्या आईने भरलेली आहे.”

“हेही श्रीमंत, तेही श्रीमंत. मी कुणाच्या नावाने रडू, तेवढं सांग!”

तेवढ्यात केकवाल्या बाईने जाहीर केलं की प्रेक्षकांच्या समाधानासाठी येत्या शनिवारी दुपारी एक जुना सामना दाखवण्यात येईल. कुठला, तेही सांगितलं. ल्युबाच्या हातातला झारा खाली पडला.

तो सातवा सामना, बऱ्याच वर्षांपूर्वीच्या मालिकेतला शेवटचा, निर्णायक. त्या गावात सामना चालू असताना बसल्या जागेवरून कुणी हलत नाही. हललं की संघ हरतो, हे तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी बरोबरी झाली, जादा वेळ सुरू झाला, जो पहिला गोल करील तो जिंकणार होता. आणि ओरेस्ट चुलीवरचं पातेलं सरकवायला उठला. पाठीमागे गोल झाला. आपल्यावर झाला. तेव्हापासून दुकानात, चर्चमध्ये, पेट्रोलपंपावर लोक त्याला विचारत, “काय, बसलास का नीट?”

तेही त्याने सोसलं असतं. पण त्याचा थोरला भाऊ तारास त्याच खोलीत होता. त्याने टोपी उचलली, दार लावून घेतलं, आणि तो पुन्हा ओरेस्टशी बोलला नाही. रोज उजाडायच्या आत ट्रॅक्टर घेऊन येई, भावाच्या दारातला बर्फ बाजूला सारी, आणि खिडकीकडे न बघता निघून जाई.

“हीच वेळ आहे,” शेजारच्या इर्मा फ्रीझन म्हणाल्या. त्याही त्या दिवशी याच खोलीतल्या आरामखुर्चीत होत्या. “सगळे आपापल्या जागी बसू. ओरेस्ट या खेपेला उठणार नाही. मग बघू.”

“अहो इर्माबाई, सामना कधीच होऊन गेलाय,” ल्युबा म्हणाली.

“मग बसायला काय जातंय तुझं?”

शनिवारी तारास आला. बूट काढून थेट सोफ्याच्या डाव्या टोकाला जाऊन बसला. “इर्मा, त्याला सांग, मी हॉकीसाठी आलोय.”

“ओरेस्ट, हा हॉकीसाठी आलाय.”

“त्याला सांगा, कान आहेत मला.”

“तारास, याला कान आहेत.”

“बूड आहे का विचार!” तारास म्हणाला.

ल्युबाने त्या दिवशीसारख्याच बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी उकळायला टाकल्या आणि ती तिच्या स्टुलावर येऊन बसली. पडद्यावर जुने, फिकट रंग उमटले. समालोचकाचा आवाज ऐकून इर्माबाईंनी डोळे टिपले. तो माणूस जाऊन बरीच वर्षं झाली होती. गोलात आपला उंच, सडपातळ गोलकीपर वाकून उभा होता. गाव त्याला बगळा म्हणे.

सगळं जसंच्या तसं घडत गेलं. बरोबरी झाली. जादा वेळ सुरू झाला. स्वयंपाकघरात पातेल्याचं झाकण थडथडू लागलं. ओरेस्टने सोफ्याची कड गच्च धरली. समोरच्या संघाचा तोच खेळाडू तशीच चकती घेऊन आला, त्याने तशीच काठी उगारली.

टण्ण!

चकती गोलाच्या खांबाला लागून बाहेर गेली.

ल्युबा अगदी हळू म्हणाली, “हे असं नव्हतं.”

“बोलू नकोस,” तारास पुटपुटला. “हलू नकोस.”

खेळ चालू राहिला. गोल इकडे होईना, तिकडे होईना. खिडकीत मावळतीचा तांबूस उजेड होता; तो तिथेच थांबला, पुढे काळोख होईना आणि मागे दिवस सरकेना. पातेलं थडथडत होतं, पण उतू जात नव्हतं. घर तापवणारी भट्टी चालू असूनही खोलीत प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघू लागली, आणि पायाखालच्या फळ्यांतून, खोल कुठूनतरी, स्केट्सचा चरचर आवाज येऊ लागला. पडद्यावरच्या प्रेक्षकांमध्ये आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. सगळे हात मांडीवर ठेवून बसले होते, यांच्यासारखेच.

“मला जायचंय,” इर्माबाई कुजबुजल्या.

“कुठे?”

“या वयात बाई कुठे जाते, तारास?”

“धरून ठेव!”

फोन वाजला. कुणी उठलं नाही. निरोप घेणाऱ्या यंत्राने तो उचलला आणि इर्माबाईंच्या मुलीचा आवाज खोलीभर झाला. “आई, तिथेच आहेस ना? अगं, टाळेबंदी उठली! मिटलं सगळं! लोक रस्त्यावर नाचतायत, तुम्ही करताय काय?”

तिघांनी ओरेस्टकडे बघितलं. ओरेस्ट पडद्याकडे बघत होता.

समालोचकाचा आवाज पार बसला होता. “पुन्हा बगळ्याने अडवलं,” तो म्हणाला, आणि थोडं थांबून, “अजून अडवतोय.” खेळाडू आता धावत नव्हते, काठीवर भार टाकून बर्फावरून ओढले जात होते. जो तो गोलाकडे जाताना मान वळवून या खोलीकडे बघे. मग बगळ्यानेही बघितलं. जाळीच्या मुखवट्याआड त्याचे डोळे होते. दिवस मावळला तरी कुणी सोडायला आलं नाही, अशा जनावराचे असतात तसे.

“ओरेस्ट,” ल्युबा म्हणाली, “काय झालं?”

“यांना कुणी घरी सोडत नाहीये गं.”

“उठलास तर बघ!” इर्माबाई ओरडल्या. “आपण जिंकतोय!”

“कधी?”

ओरेस्टने भावाकडे बघितलं. या एका दुपारसाठी तो किती वर्षं झुरला होता, हे त्याचं त्यालाच ठाऊक. नुसतं बसून राहिला असता तर त्याच्यावर आता कुणी बोट ठेवलं नसतं. त्याने गुडघ्यांवर हात टेकले आणि तो उठला. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा.

पाठीमागे गोल झाला.

खिडकीत एकदम काळोख पडला. पातेलं फसफसून उतू गेलं. पडद्यावर दोन्ही संघ, मालिका संपल्यावर उभे राहतात तसे, समोरासमोर रांगेत उभे राहिले आणि एकेकाचा हात हातात घेत पुढे सरकू लागले. हरलेले हसत होते. बगळा सगळ्यांत शेवटी होता. त्याने मुखवटा वर केला, खोलीकडे बघून मान हलवली, आणि तो अंधाऱ्या बोळात शिरला.

इर्माबाई तेवढ्यात जिथे जायचं होतं तिथे धावत गेल्या.

“का उठलास?” तारासने विचारलं. मधे कुणालाही न घालता तो बोलला होता.

“थकले होते रे ते.”

“आणि त्या वेळी?”

“त्या वेळी पेरोगी उतू चालल्या होत्या.”

“गाढव आहेस,” तारास म्हणाला, आणि ताट घ्यायला स्वयंपाकघरात गेला.

नव्या हंगामाचा पहिला सामना आला, तेव्हा गावाने एकमताने ठरवलं की ओरेस्टला टीव्हीसमोर बसू द्यायचं नाही. म्हणून तो अंगणातल्या ट्रकमध्ये, हीटर लावून बसला. थोड्या वेळाने दुसरं दार उघडलं आणि तारास आत येऊन बसला.

“तू कशाला आलास?”

“तुझ्यावर लक्ष ठेवायला.”

समोर घराची उजळलेली खिडकी होती. टीव्हीची नुसती पाठ दिसत होती. अचानक आत ल्युबाने दोन्ही हात वर फेकले आणि इर्माबाईंनी डोकं धरलं.

“गोल झाला!” ओरेस्ट म्हणाला. “कुणाचा रे? जाऊन विचारू?”

तारासने त्याची बाही धरली.

“नको. आपल्यावर येईल.”