वळणावरच्या फांद्या

ऑक्टोबरच्या भर उन्हात झोम्बा गावात जाड लोकरी कोट घालून बसलेली व्यक्ती एकच होती, आणि ती होती अलिनाफे चिलिंबा. बाहेर छपराचे पत्रे तडतडत होते, कोंबड्या चोची वासून सावलीला पडल्या होत्या, आणि ही बाई गळ्यापर्यंत बटणं लावून न्सिमाचे, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचे, घास मोडत होती.

"अगं, निदान जेवताना तरी काढ तो," आई म्हणाली.

"सवय करतेय गं. तिकडे उणे वीस असतं."

"तिकडे असतं ना? इथे तुझ्या घामाने न्सिमा खारट व्हायला लागलाय."

कोट जुन्या कपड्यांच्या बाजारातला होता. त्याच्या आतल्या खिशात कुणाचं तरी ट्रामचं तिकीट निघालं होतं. त्यावरची अक्षरं अलिनाफेला वाचता येत नव्हती, पण ते फिनलंडचंच असणार, असं तिने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं. मनाने ती गेले तीन महिने फिनलंडच्या ताम्पेरे गावात राहतच होती. सकाळी उठून ती गोठलेल्या तळ्यावरून चालत कामाला जायची. वाटेत एक बाक होता, तिथे पाच मिनिटं बसून बर्फ पडताना बघायची. बर्फ पडताना आवाज होत नाही, असं तिने वाचलं होतं. आवाज न होता पडणारी गोष्ट तिने जन्मात पाहिली नव्हती. नळावर बादली भरून वाहायला लागली आणि मागच्या बायका ओरडायला लागल्या, की ती ताम्पेरेहून परत यायची.

तिच्या अभ्यासाचा विषय तसा साधा होता: शेजारच्याला कसं कळतं? चार वर्षं वही आणि घड्याळ घेऊन ती वस्त्यावस्त्यांतून हिंडली होती. कुणी दगावलं, की फोनला हात न लावता साऱ्या वस्तीला ते कळायला चाळीस मिनिटं लागतात, असा तिचा हिशेब होता. आणि तिकडे उत्तरेला, हरेक भिंतीत यंत्र असलेल्या इमारतींत, एकटं म्हातारं माणूस गेलं तर पलीकडच्या दाराला ते कधी कधी महिनोन्‌महिने कळत नाही. हे असं का होतं, ते तिला तिथे जाऊन बघायचं होतं. त्यासाठी ताम्पेरेची एक संस्था दोन वर्षांची संशोधनवृत्ती देत होती. अलिनाफेचा हा तिसरा अर्ज. दोनदा नकार आला होता, आणि मार्चमध्ये तिने पस्तिशी ओलांडली की चौथा अर्ज करायची सोयच नव्हती. या वेळी मात्र ती मुलाखतीपर्यंत पोचली होती. गुरुवार, दुपारी दोन, संगणकाच्या पडद्यावर.

घरात या सगळ्याला विरोध होता तो फक्त जैलोस मामांचा. आमच्याकडे बापाला विचारलं नाही तरी एक वेळ चालतं, पण मामाला विचारल्यावाचून पान हलत नाही. बहिणीच्या पोरांचं लग्न, भांडण, आजारपण, शेवटी माती देणं, सगळं मामाच्या अंगावर. मामा पठारावरच्या जंगल खात्यातून निवृत्त झालेले, बायको वारलेली, दिवसभर बहिणीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे.

"तिकडे तुला काही झालं तर आणायचं कुणी?" ते विचारायचे. "आणि इथे मला काही झालं तर?"

"मामा, तुम्हाला काही होत नाही."

"होत नाही म्हणून कुणी लिहून दिलंय का?"

पण भाची ऐकत नाही म्हटल्यावर बुधवारी ते स्वतःच मुलाखत घेणारे साहेब होऊन समोर बसले. तिच्या कॉलेजात गुरुवारी वीज नसणार होती आणि घरी असणार होती, म्हणून मुलाखत घरूनच द्यायची होती. अडचण रस्त्याची होती. घर बरोबर वळणावर, आणि वळण आलं की प्रत्येक मिनीबसवाला भोंगा वाजवणारच.

"तर मग बाई," मामा आवाज जड करून म्हणाले, "तुमचं संशोधन काय?"

"माझं संशोधन असं आहे की..."

पोंऽऽऽ!

"काय म्हणालात?"

"मी म्हटलं, एखाद्या वस्तीत जेव्हा..."

पोंऽ पोंऽऽ! शिवाय कंडक्टरचं ओरडणं, आणि पलीकडच्या मक्याच्या गिरणीची घरघर.

अलिनाफेने कपाळाला हात लावला. ताम्पेरेचं तळं, तो बाक, सगळं भोंग्यांच्या गोंगाटात दिसेनासं झालं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मामांनी ते पाहिलं. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"रस्ता मी गप्प करतो," ते म्हणाले. "तू बोलायचं बघ."

गुरुवारी दीड वाजता मामांनी कोयता घेतला आणि दारातल्या जॅकरंडाच्या आठ फांद्या उतरवल्या. वळणाच्या अलीकडे चार टाकल्या, पलीकडे चार. आमच्या भागात रस्त्यावर अशा हिरव्या फांद्या दिसल्या, की पुढच्या घरात मयत झालंय हे सांगावं लागत नाही. गाड्या रांगतात, भोंगा मुका होतो, पुरुष डोक्यावरच्या टोप्या काढतात. मामांनी आयुष्यभर जंगल राखलं होतं. फांदीचा असा उपयोग आपल्याला सुचला, याचा त्यांना अभिमान वाटला.

आणि खरंच, रस्ता असा शांत झाला की झाडावरून गळणाऱ्या जांभळ्या फुलांकडे अलिनाफेचं पहिल्यांदाच लक्ष गेलं. फुलं आवाज न होता पडत होती. लगेच ती कोटाची बटणं लावून, बॅटरी मेलेल्या उसन्या लॅपटॉपसमोर उत्तरं घोकत बसली.

बाहेर पहिली मिनीबस रांगत गेली. ड्रायव्हरने टोपी काढली. मामांनी सवयीने आपलीही काढली, आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात झाली. कारण समोरच्या गिरणीतून नाफिरी हे पाहत होती. नाफिरी म्हणजे गिरणीवर पीठ तोलणारी शेजारीण. भुवयांवर पीठ तसंच घेऊन ती धावत आली.

"जैलोसदादा! कोण?"

"कुणी नाही गं. हळू बोल."

"कुणी नाही कसं? रस्त्यावर फांद्या, हातात टोपी!"

"अगं, कुणीसुद्धा मेलेलं नाही. शपथ."

नाफिरीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पहिल्या तासाला असंच होतं दादा. माझा नवरा गेला तेव्हा मीसुद्धा त्याच्यासाठी भात काढून ठेवला होता. ताई कुठाय?"

"बाजारात. टोमॅटो विकायला."

"म्हणजे तिला ठाऊकच नाही! मग आत..." तिने तोंडावर हात ठेवला. "अरे देवा, अलिनाफे! काल नळावर कोट घालून उभी होती पोर, ऑक्टोबरात! मी तेव्हाच म्हटलं, हा हिवताप आहे."

"नाफिरी, ती आत बसलीय. बोलतेय!"

"बोलत असेल हो तुमच्याशी," नाफिरी डोळे पुसत म्हणाली. "बोलू द्या. जितकं बोलेल तितकं ऐकून घ्या."

मामांना ओरडून सांगता येईना, कारण ओरडलं तर ज्यासाठी फांद्या टाकल्या तेच वाया जाणार. त्यांनी कुजबुजत तिची समजूत घालून पाहिली. पण दारात टोपी हातात घेऊन कुजबुजणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? नाफिरीने जाऊन गिरणी बंद केली. गिरणी भर दुपारी थांबली म्हणजे काहीतरी झालं, हे अर्ध्या वस्तीला कळलं. उरलेल्या अर्ध्या वस्तीला पहिल्या अर्ध्या वस्तीने सांगितलं.

मग माणसं यायला लागली. बायका डोक्यावर पिठाची टोपली आणि सरपणाच्या मोळ्या घेऊन, पुरुष माना खाली घालून आंब्याच्या सावलीत. फुलांच्या फांद्या पाहून एक जण म्हणाला, "शिकलेली होती ना, म्हणून फुलांच्या." ते सगळ्यांना पटलं. खड्डा खणणारे चौघे कुदळी घेऊन हजर झाले.

"मामा, जागा कुठली धरायची?" त्यांचा म्होरक्या म्हणाला. "आणि आमच्या जेवणाची कोंबडी कुठली, तेवढी दाखवा."

"मेलंय कोण, हे तरी विचारा रे!"

"ते दुःखात विचारत नसतात, मामा."

तेवढ्यात गावप्रमुख सायकलीच्या मागच्या बैठकीवर बसून आले. ते रागावले होते. "जैलोस! मयताची खबर पहिली माझ्याकडे यायची. मी रस्त्यावरून ऐकतोय!"

"प्रमुख, मयत असतं तर पहिली तुमच्याकडेच आली असती ना!"

"म्हणजे तू चुकलास हे तुला मान्य आहे," प्रमुख म्हणाले आणि खुर्चीवर बसले. ती मामांची खुर्ची होती.

आत अलिनाफेला यातलं काहीच माहीत नव्हतं. पडद्यावर केस्किनेन नावाच्या पांढऱ्या केसांच्या बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी एक टक्कल पडलेले गृहस्थ. बाईंच्या मागच्या खिडकीत बर्च झाडांची पिवळी पानं हलत होती. त्या पानांकडे बघता बघता अलिनाफे मनाने खिडकीच्या पलीकडे जाऊन पोचली होती, आणि तिथून फार छान उत्तरं देत होती.

"एक शंका आहे," टक्कलवाले गृहस्थ म्हणाले. "तुम्ही लिहिता, चाळीस मिनिटं. फोन नाही, भोंगा नाही, कुणाचा हुकूम नाही. मला हा आकडा खरा वाटत नाही."

"तो मी मोजला आहे, सर."

"तुमच्यासमोर मोजला आहे. पण आमच्यासमोर पुरावा काय?"

अलिनाफे खिडकीतून परत आली. पुरावा काय द्यायचा? तिसरा अर्ज, शेवटची संधी, आणि तिच्याकडे चार मळक्या वह्यांखेरीज काही नव्हतं. ती तोंड उघडणार, तोच बाहेर चर्चच्या महिला मंडळाने अंत्ययात्रेचं गाणं धरलं. चाळीस बायका, तीन सुरांत. मागोमाग, रस्त्यावरच कुणीतरी बातमी दिलेली तिची आई टोमॅटोची टोपली टाकून "माझी पोर गं!" म्हणत धावत आली. ती आणि तिच्यामागे सगळ्या बायका, प्रेतापाशी बसायला म्हणून थेट खोलीत घुसल्या.

प्रेत कोट घालून लॅपटॉपशी बोलत होतं.

नाफिरीने किंकाळी फोडली. आईने लेकीचे दोन्ही गाल धरले, मग तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, आणि मग गळ्यात पडून रडायला लागली.

"हे काय चाललंय?" पडद्यावरून केस्किनेन बाईंनी काळजीने विचारलं. "कोण वारलं?"

काहीतरी बरं दिसेल असं खोटं बोलावं, असं अलिनाफेच्या मनात एकदा आलं. पण आईचे अश्रू तिच्या मानेवरून कोटात उतरत होते. "मी वारले, असं दिसतंय," ती म्हणाली. "मामांनी रस्ता शांत व्हावा म्हणून मयताच्या फांद्या टाकल्या. माझ्यासाठी. कुणालाही फोन केलेला नाही."

टक्कलवाले गृहस्थ पुढे वाकले. "फांद्या किती वाजता टाकल्या?"

"मामा!" अलिनाफेने खिडकीतून हाक दिली. "फांद्या किती वाजता टाकल्या?"

"दीडला! आणि माझी काही चूक नाही!"

गृहस्थांनी घड्याळ पाहिलं. "तुमच्याकडे दोन वाजून बारा. बेचाळीस मिनिटं. तुम्ही चाळीस लिहिलं आहे."

"प्रमुखांच्या सायकलीची चेन उतरली होती!" मामा बाहेरून ओरडले.

अलिनाफेने ते भाषांतर करून सांगितलं. गृहस्थांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, ते काही बोलणार इतक्यात वीज गेली आणि ताम्पेरे काळंठिक्कर पडलं.

परत जोडणी झालीच नाही. अलिनाफे कोट काढून पायरीवर बसली आणि मोकळेपणाने रडली. मयतासाठी आणलेलं पीठ परत नेत नसतात, म्हणून बायकांनी चुली मांडल्या. प्रमुखांनी खोट्या फांद्यांबद्दल मामांना दोन कोंबड्यांची शिक्षा दिली, आणि खड्डा खणणाऱ्यांनी ती लगेच अमलात आणली. सगळी वस्ती पोटभर जेवली. प्रत्येक जण जाताना अलिनाफेच्या डोक्यावर हात ठेवून गेला. जिवंत आहे की नाही, याची खात्री म्हणूनही असेल. मामा मात्र जेवले नाहीत.

"मी तुझं वाटोळं केलं, पोरी."

"तुम्ही माझ्यासाठी केलंत, मामा," ती म्हणाली. पण तिचा आवाज फुटत होता, आणि ते दोघांनाही कळत होतं.

अकराव्या दिवशी पत्र आलं. संशोधनवृत्ती मंजूर झाली होती. खाली एक ओळ हाताने लिहिलेली होती: 'दिवंगत व्यक्तीची प्रकृती उत्तम असल्याचे पाहून समितीला समाधान वाटले.' मामांनी ते पत्र तीनदा वाचून घेतलं, छान छान म्हणाले, आणि मागच्या बाजूला सरपण फोडायला गेले. घरात सरपण भरपूर होतं.

जानेवारीत ती निघाली. आई आधीच विमानतळावर नातेवाइकांबरोबर गेली होती. मिनीबसच्या थांब्यावर सोडायला मामा आले नाहीत, म्हणाले, कामं आहेत. अलिनाफेला ते लागलं. कोट मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसली, आणि या खेपेला काही केल्या तिला ताम्पेरे दिसेना.

गाडी वळणाशी आली आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. रस्त्यावर हिरव्या फांद्या होत्या. त्याने टोपी काढली. कंडक्टर ओरडायचा थांबला. गाडी बैलगाडीच्या चालीने रांगू लागली.

"अरेरे. कुणाचं मयत आहे हो?" शेजारच्या, मांडीवर कोंबडी घेतलेल्या बाईने विचारलं.

दारात जैलोस मामा टोपी छातीशी धरून उभे होते. हात हलवत नव्हते, नुसते खिडकीकडे बघत होते. अख्खं वळण पार होईतो ते तिला दिसत राहिले, आणि ती त्यांना.

"कुणाचं नाही," अलिनाफे कशीबशी म्हणाली. "माझे मामा आहेत. गाडी हळू जावी म्हणून टाकल्यात."

बाईने मान डोलावली. ड्रायव्हरनेही ते ऐकलं असावं, कारण वळण संपलं तरी त्याने वेग वाढवला नाही.

अलिनाफेने मागच्या काचेतून पाहिलं. गिरणीची घरघर थांबली होती. डोक्यावर पिठाचं टोपलं घेऊन नाफिरी रस्ता ओलांडून दारातल्या मामांकडे निघाली होती, आणि तिच्यामागे आणखी दोघी. अलिनाफेने सवयीने घड्याळ पाहिलं. गाडी वळणाशी येऊन चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती.